पत्रिका ग्रुपवर, रुसवा घरात

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली: मोबाइलवर रोजची ये-जा आहे, पण माणूस दुरावलाय. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. उत्तरं सदराच्या समुपदेशकांनी आणि सायबर सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न वैशाखात झालं. पत्रिका आली ती बेचाळीस जणांच्या घरच्या ग्रुपवर, पीडीएफ म्हणून. मी घरातली मोठी सून. ना फोन, ना कोणी बोलवायला आलं. मी खाली अंगठा टाकला आणि लग्नाला गेले नाही. आता जाऊबाई म्हणतात, "तुम्ही अंगठा दिलात, आम्ही तुमचं ताट धरलं होतं." ग्रुपवर सुप्रभात रोज चालू आहे, दोन्ही घरांत बोलणं मात्र बंद. चूक कोणाची?
— गिरगाव

उत्तर : पीडीएफ पाठवण्यात काही गैर नाही, क्रम चुकला. आधी फोन आणि मग पीडीएफ आली असती, तर तीच पत्रिका तुम्ही हौसेने चार जणांना पुढे पाठवली असती. आधी ग्रुपवर आली, त्यामुळे मोठी सून बेचाळिसातली एक झाली. तुम्हाला लागलं ते हे.

आता अंगठा. तुमच्या लेखी तो 'पाहिलं', त्यांच्या लेखी 'येतो'. केटररला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो, म्हणून त्यांनी अंगठे मोजले असणार. लिहिणाऱ्याला नेहमी वाटतं की आपला सूर वाचणाऱ्यापर्यंत आपोआप पोचतो. २००५ साली क्रुगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे तपासून पाहिलं. काही वाक्यं सरळ, काही उपरोधाची. ती ईमेलने पाठवायची किंवा बोलून दाखवायची. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की ७८ टक्के वेळा सूर ओळखला जाईल. ईमेलवर तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडंसं बरं. आवाजात मात्र अंदाज फारसा चुकला नाही. आणि ही पूर्ण वाक्यांची गोष्ट आहे. अंगठ्यात तर वाक्यही नाही.

ग्रुपवर खुलासा लिहू नका. चाळीस जण वाचतील, दोघं-तिघं मध्ये पडतील आणि जाऊबाईंना माघार घ्यायला जागा उरणार नाही. दुपारची आवराआवर झाली की थेट फोन करा आणि तुमची बाजू एकदाच सांगा: "पत्रिका नुसती ग्रुपवर पाहिली, मला लागलं. पण अंगठा देऊन आले नाही, हे माझं चुकलं. तुमचं ताट वाया गेलं." दोन्ही वाक्यं हवीत. पहिलंच बोललात तर भांडण, दुसरंच बोललात तर मनात राहील. त्यावर त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या, हिशेब मांडू नका. लगेच पुढचं बोला: नव्या जोडप्याला जेवायला कधी पाठवता? तारीख त्याच फोनवर ठरवा, "बघू कधीतरी" यावर सोडू नका. सुनेची खणानारळाने ओटी भरा, आहेर हातात द्या. लग्नात द्यायचा राहिलेला आहेर यूपीआयने पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

ज्यांच्या घरी पुढे कार्य आहे त्यांच्यासाठी: मुंबईत विरार, कल्याण, पनवेल करत दोनशे घरं फिरणं आता कोणालाच जमत नाही, आणि मानाची माणसं हे समजून घेतात. याद्या तीन करा. पहिली, स्वतः जाऊन बोलवायची घरं. ती पंधरा-वीसच्या वर जाऊ देऊ नका. ती रेल्वेच्या लाइनप्रमाणे लावा, एका दिवशी एकच लाइन. रविवार धरणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर, किती ते किती आहे, हे आदल्या दिवशी पाहा. दुसरी यादी फोनची: घरटी तीन-चार मिनिटं धरली तर चाळीस घरं चार संध्याकाळींत होतात. फोन नवरामुलाच्या किंवा मुलीच्या आई-वडिलांनीच करायचा. तिसरी यादी नुसत्या पीडीएफची. पहिल्या दोन याद्या संपल्याशिवाय ग्रुपवर पत्रिका टाकायची नाही. इथेच गडबड होते, कारण भाच्याने हौसेने पत्रिका डिझाइन केलेली असते आणि ती रात्रीच ग्रुपवर जाते. तसं झालं तर 'सर्वांसाठी डिलीट' दोन दिवसांपर्यंत चालतं, पण 'हा मेसेज डिलीट केला' ही ओळ मागे राहते. त्यामुळे डिलीट केल्यावर पहिले फोन मानाच्या घरी. येणार का, हेही अंगठ्यावर सोडू नका. "किती जण याल?" असं विचारा, उत्तर आकड्यात येतं.

प्रश्न : वय २७. नोकरीसाठी सांगलीहून आलो, अंधेरीत पीजी म्हणून राहतो. ऑनलाइन बुद्धिबळातून ओळख झालेला एक मित्र आहे. तीन वर्षं रोज बोलतो, माझं सगळं त्याला माहीत आहे. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा मात्र औषध आणून द्यायला सांगावं असं मुंबईत कोणी नव्हतं. तो ठाण्यात राहतो म्हणतो, पण भेटायचं काढलं की टाळतो. अशी मैत्री खोटी का?
— अंधेरी

उत्तर : तीन वर्षं रोज कोणीतरी तुमचं ऐकून घेतलं, ते खोटं कसं म्हणायचं? पण त्या मैत्रीत काय येतं आणि काय येत नाही, हे वेगळं करून पाहायला हवं.

जोसेफ वॉल्थर या संज्ञापनाच्या अभ्यासकाने १९९६ मध्ये एक गोष्ट मांडली, ती तुमच्या पत्राला लागू पडते. लिहून बोलताना माणूस शब्द निवडतो, खोडतो, बरी बाजू पुढे ठेवतो. वाचणारा राहिलेल्या जागा आपल्या मनाने भरतो, आणि बहुतेक चांगल्यानेच भरतो. त्यामुळे समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जास्त जवळीक लवकर वाटू शकते. यात फसवणूक असतेच असं नाही. समोरचा कदाचित याच कारणाने भेट टाळत असेल, की तुमच्या मनातल्या चित्राला आपण उतरणार नाही.

तरी खात्री करा. आधी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल, निमित्त डावाचंच काढा. तीन वर्षांत कॅमेरा एकदाही चालू झाला नसेल आणि आताही कारणं निघत असतील, तर त्याचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून ते दुसऱ्या नावाने कुठे आहेत का ते पाहा. पैशाचा विषय हीच खरी कसोटी. उसने मागणं, एखाद्या गुंतवणुकीच्या ॲपची शिफारस, "सुरुवातीला थोडेच टाक, नफा बघ" असं काही निघालं तर तिथेच थांबा. अशा ॲपवर पहिला छोटा नफा बऱ्याचदा खरोखर काढू देतात, मोठी रक्कम गेली की पैसे अडकतात. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तो गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे दिवसांचा नाही, तासांचा प्रश्न असतो. चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा.

यातलं काही नसेल तर भेट लहान आणि दिवसाउजेडी ठेवा. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत रविवारी सकाळी नंबर लावून बसावं लागतं आणि खाऊन झालं की वेटर बिल आणून ठेवतो, निवांत बोलणं होत नाही. त्यापेक्षा शिवाजी पार्कचा कट्टा किंवा राणीची बाग (बुधवारी बंद) बरी. चालता चालता बोलताना एकमेकांकडे सारखं पाहावं लागत नाही आणि पहिल्या अर्ध्या तासाचा अवघडलेपणा सरतो. तो अर्धा तास अवघड जाणारच. पडद्यावर उत्तराला दोन मिनिटं घेतली तर चालतं, समोर दोन सेकंदही लांबतात. वेळ एक तासाची ठरवा. जमलं तर वाढवता येते. कुठे जाताय ते पीजीतल्या एकाला सांगून जा, म्हणजे त्या निमित्ताने त्याच्याशीही बोलणं होईल.

आता तापाचं. औषध आणून देणारा माणूस लागतो तो वीस मिनिटांच्या अंतरावरचा, आणि त्याच्याशी गहिरी मैत्री असायलाच हवी असं नाही. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकत्याच नव्या गावी राहायला गेलेल्या अमेरिकन माणसांना विचारलं होतं की ओळखीचं मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र किती वेळ गेला. साधी मैत्री जमायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इथवर यायला ९०, जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडले नाहीत, गप्पा आणि मोकळा वेळ उपयोगी पडला. हिशेब करा: आठवड्याला दोन तास भेटलात तर ५० तास व्हायला सहा महिने लागतात. म्हणून "चांगली माणसं भेटली तर बघू" असं म्हणून भागत नाही. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर जावंच लागेल असं काहीतरी धरा. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, एका वेळी दोन-तीन तास आणि गैरहजेरी खपत नाही, हे त्यातलं उत्तम. ट्रेकचा ग्रुप दर वेळी नवा असेल तर उपयोग नाही, ठरलेला असेल तर आहे. आणि उद्याच करण्यासारखं: पीजीतल्या दोघांचे नंबर घ्या, जवळच्या केमिस्टचा घ्या. बरेच केमिस्ट फोनवर औषध घरपोच देतात.

प्रश्न : यजमान बोरिवलीहून चर्चगेटला जातात. घरी आठला येतात आणि जेवताना, झोपताना हातात फोन. बोलले की म्हणतात, "ऑफिसचा मेसेज आहे," "ओटीपी येणार आहे," "अलार्म लावतोय." मुलगीही तेच शिकली. फोन फेकून द्यावासा वाटतो.
— बोरिवली

उत्तर : तिन्ही कारणं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती टिकतात. वाद घालण्याऐवजी एकेक कारण काढून घ्या.

अलार्मसाठी साधं गजराचं घड्याळ आणा. बहुतेक घरांत फोन उशाशी येतो तो याच वाटेने. चार्जर बेडरूममधून बाहेर काढा, हॉलमध्ये किंवा शू-रॅकवर एकच चार्जिंगची जागा करा आणि तुमचाही फोन तिथेच लावा. नियम फक्त नवऱ्याला आणि मुलीला असला तर चार दिवसही टिकणार नाही. ऑफिससाठी 'डू नॉट डिस्टर्ब' साडेआठ ते साडेनऊ आपोआप लागेल असं वेळापत्रक घाला, त्यात साहेबांचा आणि दोन्हीकडच्या आई-वडिलांचा नंबर अपवाद म्हणून ठेवा. 'पुन्हा फोन करणारे' हा पर्यायही चालू करा: अँड्रॉइडवर एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर घंटी वाजते, आयफोनवर तीन मिनिटांत. खरंच अडलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच, हे पटलं की धाकधूक कमी होते. ओटीपी ज्या व्यवहाराला लागतो तो व्यवहार जेवणानंतर करता येतो, यावर मात्र हटून बसा.

वेळ आठ ते दहा अशी मोठी धरू नका. ताटं वाढल्यापासून ताटं उचलेपर्यंत, एवढीच. साधारण पंचवीस मिनिटं होतात.

एक बाजू यजमानांचीही. गर्दीची गाडी, दोन्ही वेळचा धक्काबुक्कीचा प्रवास, तिथून आल्यावर लगेच "बोला" म्हटलं तर माणूस फोनमागे लपतो. आल्यावर वीस मिनिटं फोनसकट त्यांची त्यांना द्या. बोलणं ताटावर.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला. रोज व्हिडिओ कॉल होतो, एक दिवस चुकत नाही. पण डिसेंबरात तीन आठवडे आला तर दोघांना बोलायला काही नाही. चार वर्षांचा नातू स्क्रीनवर "आजी आजी" करतो, इथे माझ्याकडे येईना. मला फार लागलं.
— दादर

उत्तर : नातवाचं आधी, कारण ते सोपं आहे. स्क्रीनवर तो हवा तेव्हा पळून जाऊ शकतो. इथे आजीला वास आहे, उंची आहे आणि ती उचलून घ्यायला येते. पहिले दोन-तीन दिवस उचलू नका, पापा मागू नका. कॉलवर तुम्ही जे गाणं म्हणता किंवा जो खेळ खेळता, तोच जमिनीवर बसून स्वतःशी सुरू करा. तो येईल. कॉल मात्र बंद करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको असं सांगितलं, तेव्हाही व्हिडिओ कॉलचा अपवाद ठेवला होता. चार वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं पुरतात. एकच चित्रांचं पुस्तक दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक तुमच्याकडे, आणि पान तुम्ही सांगाल तेव्हा त्याने उलटायचं. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. नाहीतर त्याला रोज आजीची हनुवटी आणि सीलिंग फॅन दिसतो.

मुलाबरोबरचं जरा वेगळं आहे. रोजच्या कॉलमध्ये बातम्या संपतात. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, तिकडे बर्फ पडतोय का. प्रत्यक्ष भेटल्यावर विचारायला हेच उरलेलं नसतं, आणि बातमीशिवाय बोलायची सवय दोघांचीही मोडलेली असते. म्हणून आठवड्यातून दोन कॉल बातमीशिवाय करा: तो तिकडे भाजी चिरतोय, तुम्ही इकडे वाती वळताय, फोन बाजूला टेकवलेला. गप्प बसलं तरी चालतं. वेळेची नोंद ठेवा, कारण दोन्हीकडची चिडचिड निम्मी तिथली असते: तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याचे दुपारचे बारा किंवा अकरा, बहुधा मीटिंगच्या मधले. सकाळी साडेसातला केलात तर तिकडे आदली रात्र असते, दहा किंवा नऊ, आणि घाई नसते.

पुढच्या खेपेला त्याच्यासाठी कामं काढून ठेवा. बँकेत नॉमिनी तपासणं, माळ्यावरच्या पेट्या, भुलेश्वरची खरेदी. समोरासमोर बसवून "बोल" म्हटलं की मुलगे बोलत नाहीत, हातात पेटी असली की बोलतात. आणि आल्यावर पहिले काही दिवस त्याला पहाटे तीन-चारला जाग येणार, झोपेचं घड्याळ उलटं असतं. घरात तेव्हा कोणी उठलेलं नसतं, कोणी फोनही करत नाही. तुम्हालाही जाग येत असेल तर उठा आणि चहा टाका. तीन आठवड्यांतलं सर्वांत चांगलं बोलणं तेव्हा होण्याचा संभव आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून इतकं वाजलं की आता लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. मी सेक्रेटरी आणि ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी काही भलतं लिहिलं तर गुन्हा माझ्यावर येईल का?
— चेंबूर

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन निव्वळ ॲडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधीचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. भलता मजकूर ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येतो. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग डिलीट करा.

ग्रुपचे दोन करा. सूचनांचा, ज्यात 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सेटिंग: पाणी, लिफ्टची दुरुस्ती, सभेची नोटीस. आणि दुसरा गप्पांचा, ज्यात येणं ऐच्छिक. पार्किंग, गळती, मेंटेनन्सची थकबाकी हे विषय दोन्हीकडे नकोत. त्यासाठी लेखी अर्ज, पोच घेतलेली प्रत आणि कमिटीच्या इतिवृत्तात नोंद. वार्षिक सभेसाठी आदर्श उपविधींत चौदा पूर्ण दिवसांची नोटीस सांगितली आहे, ग्रुपवर आदल्या रात्री टाकलेला मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. ज्या दोघांचं वाजलंय त्यांच्या घरी तुम्ही स्वतः वेगवेगळे जा. एकत्र बसवायची घाई नको, आणि जाताना कमिटीतला तिसरा माणूस नेऊ नका. तो शिष्टमंडळ वाटतो.

प्रश्न : हल्ली जुन्या मैत्रिणीला फोन करायचा तरी आधी "बोलू का?" असा मेसेज टाकावा लागतो. टाकला की ती "नंतर" म्हणते आणि ते नंतर येत नाही. न विचारता फोन करणं असभ्य झालंय का?
— मुलुंड

उत्तर : कामाच्या माणसाला विचारावं. जुन्या मैत्रिणीला थेट करा. २०२१ मधल्या एका अभ्यासात, कुमार आणि एप्ली यांचा, लोकांनी जुन्या ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलणं अवघड जाईल असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात ईमेलपेक्षा अवघड गेलं नाही आणि जवळीक जास्त वाटली. तुमच्या मेसेजमध्ये अडचण अशी की 'बोलू का' वाचून समोरच्याला तासाभराचा फोन दिसतो, किंवा काहीतरी वाईट घडलंय असं वाटतं. पहिल्याच वाक्यात मुदत सांगा: "दहा मिनिटं आहेत, मी घरी पोचेपर्यंत." मात्र हा फोन धावत्या गाडीतून करू नका, आवाज तुटतो आणि अर्धा वेळ "हॅलो, हॅलो" यात जातो. स्टेशनवरून घरी चालत जाताना करा. तिने उचलला नाही तर मागून मेसेज टाकायचा तो "सहज केला होता, घाई नाही" एवढाच, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन.